उजळ न केलेला फोटो

लातूर, मे २०१६

प्रिय सिंधु,

पाकिटातला फोटो लगेच बघू नकोस. बघितलाच असशील तर पालथा ठेव आणि आधी हे वाच. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पत्राची वेळ आली. शिवाय हा रंग मोबाइलवर पाठवण्यासारखा नाही. तुझ्या स्क्रीनवर तो भलताच दिसला असता आणि तू पुन्हा आमच्यावर भडकली असतीस.

इकडचे पाण्याचे हाल तू वाचतच असशील. रेल्वेने पाणी येतंय, पण आपल्या गल्लीतली घागरींची रांग काही हलत नाही. सुमनमावशीला मात्र उदगीर जिल्हा कधी होतो याचीच पडलीय. तीच परवा तुझ्यासाठी भोकरचं स्थळ घेऊन आली. मुलगा शिक्षक आहे. रविवारपर्यंत फोटो हवा, आणि स्टुडिओतून जरा उजळ करून घ्या, असं वर तिनं बजावलं. मागच्या वेळी पाहुणे हातातला फोटो आणि तुझा चेहरा आळीपाळीने बघत होते, ते आठवलं. चहाचा ट्रे ठेवून तू आत गेलीस आणि त्याच आठवड्यात विष्णुपुरीच्या कॉलेजातली नोकरी धरलीस, ती अजून घरी आली नाहीस. तो फोटो उजळ करायला आईनेच सांगितलं होतं.

या खेपेला तीच मावशीवर उसळली. "हाय तशी दिसू दे पोरगी. न्हाईतर फोटोच न्हाई." आणि मला म्हणाली, घरच्या प्रिंटरवर काढ.

मला वाटलं, बटण दाबलं की झालं. पहिला फोटो गोरापान आला; प्रिंटर आपल्या मनानेच चेहरा सुधारत होता. आईने तो टराटरा फाडला. मी ती सोय बंद केली, तर तू काळीठिक्कर निघालीस, कारण स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवून मी रंग ठरवत होते; त्या उजेडात तू गोरी भासायचीस, म्हणून मी रंग गडद करत गेले. "एवढी बी न्हाई गं," म्हणत आई डोळे पुसायला लागली. उजेड कमी करून पुन्हा काढला, तर चेहरा हिरवट, कावीळ झाल्यासारखा. उन्हाने गुलाबी शाई आत वाळली होती. पिण्याचं पाणी वाचावं म्हणून मी प्रिंटरचं शाई सोडणारं तोंड बोअरच्या पाण्याने पुसलं, आणि त्या क्षाराने ते आणखीच बुजलं. आता मीच रडकुंडीला आले. पिण्याच्या जारला आई सध्या कुणाला हात लावू देत नाही, मला चूळसुद्धा भरू देत नाही. तिनंच त्यातलं वाटीभर पाणी काढून माझ्यासमोर ठेवलं. "घे. धू."

मग निघाला. ओल्या शाईचा रंग खरा नसतो, म्हणून वाळू दिला आणि ट्यूबखाली न बघता अंगणात नेला. आईने बांगड्या मागे सारल्या आणि आपलं मनगट फोटोतल्या तुझ्या गालाशी धरलं. बराच वेळ धरलं. मी बाबांवर गेले, तू तिचा रंग घेतलास, हे आपल्या घरात कधी कुणी बोललं नाही. "हाव," ती म्हणाली, "हीच माजी सिंधु." आणि तोंड फिरवून आत गेली.

हा फोटो भोकरला गेलेला नाही. मावशी हात पुढे करून उभी होती, पण आईने दिला नाही. म्हणाली, "मागच्या टायमाला इचारलं न्हाई मी तिला. आता आदी तिला इचार." तेवढं विचारायला हे पत्र लिहिलंय. एकच प्रत काढलीय, ती तुझ्या हातात आहे. पाठवायचा तर पाठवू, फाडायचा तर खुशाल फाड. रविवार उलटला तरी चालेल. पण जे ठरवशील ते आईला समोर येऊन सांग. स्वतःच्या रंगापायी तिनं काय काय ऐकून घेतलंय, ते मला तिनं कधी सांगितलं नाही. तुला सांगेल, असं वाटतंय.

तुझीच,
पंचशीलाताई