आत्याचा वाटा

वावाऊ बेट,
मे महिन्यातला दुसरा रविवार

प्रिय आत्या,

तुला माझा नमस्कार. इकडे सगळे मजेत. देवाच्या कृपेने तूही ऑकलंडला मजेत असशील. थंडी सुरू झाली का? पायात मोजे घाल.

फोन का नाही केला म्हणशील. आपल्या घरात फोन म्हणजे चावडी. आई स्पीकर लावते, मग मी काय बोलणार? म्हणून कागद. शेजारीण मंगळवारी विमानाने तिकडे येतेय, तिच्याकडे देते. मला लिहिता फारसं येत नाही, चुकलं तर हस.

आज चर्चहून आल्यावर जमिनीतली भट्टी उघडली. तुला वास येईल असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. आईने लू बांधायला अळूची पानं आपल्या परड्यातलीच घेतली, कोवळी. आत सिपीचं चरबीदार मटण, कांदा, नारळाचं घट्ट दूध. पान सोडलं की चरबी अशी लोण्यासारखी थरथरते. बाबांनी डोळे मिटून पहिला घास घेतला. आई म्हणाली, "प्रार्थना झाली मघाशी, आता जेवा!"

तू पाठवलेले बीफचे डबेही पोचले. सहाच्या सहा. बाबांनी कपाटावर रांगेत मांडलेत, आल्यागेल्याला दाखवतात.

माझा नवरा ऑस्ट्रेलियात संत्री तोडतोय, नोव्हेंबरात येईल. फुसी चार वर्षांची झाली, तोंड चाळिशीच्या बाईचं. आणि मी पाच महिन्यांची आहे ते तुला आईने सांगितलंच असेल.

दवाखान्यात नवीन नर्स आलीय. ती आमच्या ओळखीच्या एका बाईला म्हणाली की तुझ्या रक्तात साखर जास्त आहे. बाळंत झाल्यावर जाईलही कदाचित, पण आत्ता सांभाळली नाहीस तर तुलाही धोका, बाळालाही. कोनफळ मूठभर खा, सरबत बंद, चरबीचं मटण बंद, डब्यातलं बंद, मासे आणि पाला खा, रोज चाल. नर्स चांगली आहे. चर्चच्या जेवणात तिने स्वतः दोन लू संपवले ते मी पाहिलं, पण ती गरोदर नाही.

तर त्या बाईने घरी सांगितलं नाही. ताटातली सिपी ती पानाखाली लपवायची आणि मागे जाऊन डुकराला घालायची. तीन आठवडे चाललं. मग तिची पोरगी भर जेवणात ओरडली, "आई डुकराला मटण देते!" बाईचे वडील म्हणाले, "तरीच! मी म्हणतोय डुक्कर एवढं कसं भरलं."

आत्या, ती पोरगी फुसी आहे. तुला कळलंच असेल.

मी हसून नेलं. म्हटलं, मळमळतं. आई म्हणाली, "दोन जिवांची बाई आणि हाडं दिसायला लागलीत. लोक म्हणतील नवरा तिकडे आणि माहेरचे उपाशी ठेवतात." आणि ताटात आणखी दोन तुकडे.

आणि खरं सांगू का? मला सोडवत नाही. मागच्या बुधवारी मी एक डबा उचलला, फुसीला वाटेवर राखण बसवलं, आणि केळीत बसून बोटांनी सगळा खाल्ला. काय चव होती! शुक्रवारी नर्सने रक्त तपासलं आणि गप्प बसली. ती गप्प बसते तेव्हा मला भीती वाटते. रांग अजून सहाचीच दिसते, एक रिकामा आहे. बाबांना माहीत नाही.

आजीचा पाय कापला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तिने डाव्या पायाची चप्पल मला खेळायला दिली होती. ती मी ठेवलीय अजून. आईला साखर म्हटलं की तिला तो पायच दिसेल, ती रडेल, मग रडत रडत वाढेल. बाबा म्हणतील, डॉक्टरांना काय कळतं. या घरात बाबांना शब्द फिरवायला लावणारं एकच माणूस आहे. तू. तू यायचीस तेव्हा थोरल्या बहिणीचा मान म्हणून ते घर सोडून ओट्यावर जाऊन बसायचे. तू काहीतरी सांग. साखरेचं नाव घेऊ नकोस, जमेल तर.

आणि आत्या, अगदीच सगळं बंद नको करू. महिन्यातून एक तुकडा?

तुझी
लोसालिने


वावाऊ,
जुलै, सोमवार

प्रिय आत्या,

तुला माझा नमस्कार, आणि काय सांगू!

त्या शनिवारी तुझा फोन आला तेव्हा बाबा फोनपासूनसुद्धा लांब, दारात उभे होते. तू विचारलंस, "रविवारच्या लूमधला सगळ्यात चरबीचा वाटा कोणाचा?"

बाबा म्हणाले, "तुझाच ताई. रीतच आहे."

"मग इतकी वर्षं मी इथे असताना तो खातंय कोण?"

बाबांचा चेहरा तू पाहायला हवा होतास. आई पदर नसताना पदर शोधत होती.

"यापुढे माझा वाटा कोणी तोंडात घालायचा नाही. लोसी राखण करील. तिच्या पानात जे, तेच सगळ्यांच्या पानात."

"पण ताई, तुझ्या वाट्याचं करायचं काय?"

"पुरा!"

आता दर रविवारी आई सिपीची चरबी काढते, बाबा ती पानात बांधून चटईच्या मानाच्या टोकाला ठेवतात, आणि जेवणं झाली की नीरफणसाखाली पुरतात. टोपी काढून. पहिल्या रविवारी डुकराने उकरून खाल्लं. आता वर दगड ठेवतात. लूमध्ये मासा असतो, नारळाचं दूध पातळ. बाबा म्हणतात, बरा लागतो. दुसऱ्यांदा मागत नाहीत, पण बरा लागतो म्हणतात.

आईला मी शेवटी सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, "मला वाटलंच होतं. रिकामा डबा हलका लागतो गं."

रक्त दोनदा बरं आलं, एकदा नाही. नर्स बोलते आता. भीती गेली नाही, पण रोज संध्याकाळी आई माझ्याबरोबर धक्क्यापर्यंत चालते.

एक विचारायचं होतं. फोन ठेवताना बाबा म्हणाले, तू आलीस की तुझा वाटा ताजा करू. तू हसलीस आणि म्हणालीस, "नको रे, मलाही तो आता चालत नाही." सगळे हसले. मी नाही हसले. पाय मावत नाहीत म्हणून बूट वाढीव मापाचे घेतलेस असंही आईला म्हणाली होतीस.

मी तुला कागदावर सगळं सांगितलं. आता तू मला सांग. स्पीकर नाही, फक्त मी वाचीन.

आणि सप्टेंबरात बाळाचं नाव ठेवायला ये. आजी गेल्यानंतर आली नाहीस. नाव तूच ठेवायचं, दुसरं कोणी ठेवणार नाही. मग आपण दोघी चटईच्या मानाच्या टोकाला बसू आणि पातळ दुधातला मासा खाऊ.

तोवर तुझ्या वाट्यावर दगड ठेवून बसलेली,
तुझी लोसी