एकोणीस जानेवारीची लाकडं

१७ फेब्रुवारी १९७५, सोमवार. सांगली.

पुण्याहून पत्र. पाहणीचे प्रमुख परचुरे साहेब यांची सही. 'हिवरखिंडी, ता. जत येथील इंधन-पाहणीचे तक्ते तपासले. १९ जानेवारी रोजी चोवीसही घरांत नेहमीपेक्षा जास्त लाकूड व शेणी गेल्या आहेत – एकूण ब्याण्णव किलो जादा. मात्र त्या दिवशी शिजवलेल्या अन्नाचा रकाना बहुतेक घरांत कोरा आहे. तक्ते घरबसल्या भरल्याचा संशय येतो. महिनाअखेर समाधानकारक खुलासा न आल्यास गाव पाहणीतून वगळण्यात येईल.'

दोनदा वाचलं. घडी घालून खिशात ठेवलं.

त्या दिवशी अक्का गेली. पहाटे छातीत दुखतंय म्हणाली. जतहून जीप येईपर्यंत संपलं होतं. घरी साताऱ्याला न्यावं की काय, मला काही सुचेना. गावकरीच म्हणाले, 'तीन म्हैनं आमच्यात ऱ्हायली, आता कुटं नेताय? आमचीच हाय.' मयत उचलेपर्यंत त्या गावात कोणी चूल पेटवत नाही. आणि सरणाला प्रत्येक घरातून एक लाकूड आणि पाच शेणी येतात. आल्या. मापून ठेवलेल्या ढिगातूनच आल्या, कारण त्या माळावर दुसरं लाकूड होतंच कुठे!

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकांनी उरलेले ढीग अंगणात आणून ठेवले. मी मापले. काय करावं कळत नव्हतं, म्हणून मापले. शेऱ्याच्या रकान्यात काही लिहिलं नाही.

१८ फेब्रुवारी

ऑफिसात नाथाजीला पत्र दाखवलं. हा कुपवाडचा, आमच्याकडे टायपिंग करतो. वाचून हसला.

'अहो, एका दिवसाचं काय घेऊन बसलात? खोडा तो. आजूबाजूच्या दिवसांची सरासरी टाका आणि मोकळे व्हा. लिहा – आकडे उतरवताना चूक झाली.'

'चूक झालेली नाही.'

'पुणेवाल्यांच्या घरी गॅस. त्यांना लाकडातलं काय कळतंय! सरासरी दिली की खूश.'

मग पत्र पुन्हा वाचलं. त्याला तारीख आठवली असावी. चहा मागवला.

२० फेब्रुवारी

खरं लिहिणं सोपं वाटतं, पण नाही. खरं लिहायचं तर कोण गेलं ते लिहावं लागेल. मग ती तिथे काय करत होती, हेही आलं.

परदेशातलं तेल महागलं तेव्हापासून ही पाहणी सुरू आहे. खेड्यातले लोक काय जाळतात, किती जाळतात, आहेत ती झाडं किती वर्षं पुरतील – यावरून सरकार रॉकेलचा कोटा ठरवणार. पद्धत अशी : सकाळी घरातला ढीग मापायचा, दिवसभर त्याच ढिगातलं जाळायचं, दुसऱ्या सकाळी उरलेलं मापायचं. माप पाहणी-सहायकानं स्वतः घ्यायचं, दुसऱ्या कोणी नाही. नियम छापलेला आहे.

पण परक्या पुरुषाला चुलीपर्यंत कोण येऊ देणार? पहिले चार दिवस मी दारातच उभा. बायका पदर ओढून आत. अक्का माझ्यासाठी स्वयंपाकाला आली होती – 'खानावळीचं तुला बाधतं.' पाचव्या दिवशी तिनं माझ्या हातातून वजनाचा ताणकाटा घेतला आणि सरळ आत गेली. तिला आकडे येत नव्हते. काट्याच्या रेघा मोजायची. बाहेर येऊन सांगायची, 'मोठ्या तीन, बारक्या चार.' मी लिहायचं, तीन किलो चारशे. चोवीस घरं, रोज, अडीच महिने. एकदाही 'असेल एवढं' म्हणाली नाही. शंका आली की परत जाऊन मापायची.

म्हणजे सगळे तक्ते तिचे. एक दिवस खोटा केला तर बाकीचे राहतात. एक दिवस खरा सांगितला तर सगळेच जातील.

२१ फेब्रुवारी

खुलाशाचं काही लिहिलं नाही. जेवणही नको वाटलं.

२३ फेब्रुवारी, रविवार. हिवरखिंडी.

अक्काची ट्रंक आणायची राहिली होती. जतला एसटी, पुढे चालत. शेळ्या बाहेर, गाव रिकामं. बयाबाईच्या अंगणात बायका शेणी थापत होत्या. आमच्या खोलीशेजारचं घर तिचं. अक्काचं तिच्याशी जमायचं.

'आलं बगा अक्काचं भाऊ! वाळलं की वं. कोन घालतंय का न्हाई खायाला?'

पत्राचं सांगायचं नव्हतं. पण सुलाबाईनं विचारलं, 'आमचं रॉकेल कवा वाढायचं?' सुलाबाई गावात सगळ्यात फटकळ. तिच्यापुढे खोटं बोलता आलं नाही. सांगितलं.

ती उठूनच उभी राहिली. 'म्हंजी आमी लाकडं इकली म्हंत्यात व्हय पुन्यावालं? का खाल्ली?'

'तसं नाही म्हणत. मी घरी बसून लिहिलं म्हणतात.'

'तुमी? आवं, तुमी दारात हुबं ऱ्हाऊन पाय दुखवलं. आन घरात बसून कोन?' सगळ्या हसल्या. मलाही थोडं हसू आलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

बयाबाई हसली नाही. शेणाचे हात तसेच धरून म्हणाली, 'अक्कानं ताकीद दिली हुती, मापल्याल्या ढिगाला हात लावू नका. तीन म्हैनं कुनी लावला न्हाई. त्या दिशी तिच्यासाटनंच मोडलं.'

मी म्हणालो, एक तोड आहे. तो दिवस काढून सरासरी घालता येते.

'सरासरी म्हंजी?'

'बाकीच्या दिवसांत जळतं तेवढंच त्या दिवशीही जळलं, असं धरायचं.'

तिनं समोरची शेणी थापून पुरी केली. मग म्हणाली, 'म्हंजी त्या दिशी अक्का मेलीच न्हाई, असं लिवायचं.'

तिचा दीर नानासो गोठ्याच्या दारात विडी ओढत होता. तिथूनच म्हणाला, 'लिवा की खरं. रॉकेल न्हाई तर न्हाई. कवा हुतं?'

ट्रंक घेऊन निघालो. हलकी होती. दोन लुगडी आणि औषधाची बाटली.

२६ फेब्रुवारी. सांगली.

पत्र टाकलं. सगळं लिहिलं. 'दि. १९ जानेवारी रोजी माझी वडील बहीण अंबूबाई हिचे हिवरखिंडी येथे निधन झाले. गावच्या रीतीप्रमाणे प्रत्येक घराने सरणास इंधन दिले. दुपारपर्यंत चुली बंद होत्या. सबब आकडे बरोबर आहेत. तक्त्यांतील मापे सदर अंबूबाई हिने घेतली असून ती निरक्षर होती. नियमभंगाची जबाबदारी माझी.'

नाथाजीनं टाइप केलं. 'निरक्षर' शब्दाशी थांबला. 'हा कशाला घालता? नोकरी जाईल.' म्हणालो, असू दे.

ती गेल्याचं मी प्रथमच कुणाला लिहून कळवलं. तेही सरकारी भाषेत.

५ मार्च

उत्तर नाही. साताऱ्याला जाऊन आलो. तिथली आमची खोली झाडली. मनुबाई शेजारून डबा घेऊन आल्या, दारातच रडल्या. मी 'बसा' म्हणालो नाही. नंतर वाईट वाटलं.

अक्का माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. एकोणिसाव्या वर्षी कपाळ पांढरं करून घरी परतली ती मला वाढवायलाच. मी बी. ए. झालो तेव्हा पेढे तिनंच वाटले. हे कोणत्या रकान्यात घालणार!

१४ मार्च, शुक्रवार

परचुरे साहेब स्वतः आले. जीपमधून हिवरखिंडीला गेलो. वाटेभर आमचे तक्ते चाळत होते. वाटलं, झालं – गाव गेलं, मीही गेलो.

गावात त्यांनी पुण्याहून आणलेली वजनं काढली. एक पोतं भरलं, ताणकाट्याला लावलं आणि सुलाबाईला म्हणाले, 'तुमच्या बाई कसं मापायच्या ते दाखवा.'

सुलाबाईनं पदर खोचला. अक्कानं दाखवलेलं सगळं तिच्या लक्षात होतं. पोतं हलायचं थांबेपर्यंत हात लावला नाही. मग : 'मोठ्या सात, बारक्या दोन. दोनाच्या वर हाय, पर तिनाला न्हाई.'

पोत्यात सात किलो अडीचशे होतं.

असं पाच वेळा. पाचही बरोबर. सहाव्या वेळी साहेबांनीच काटा वाचण्यात चूक केली. सुलाबाई म्हणाली, 'सायेब, चष्मा पुसा.' मी मान खाली घातली. साहेब हसले, खरंच चष्मा पुसला.

मग घरोघरी फिरले. 'दिवसातून एकदाच चूल?' बयाबाई म्हणाली, 'लाकडं कुटनं आनायची? सकाळी भाकरी थापायची, सांजंला तीच पान्यासंगं.' साहेबांनी वहीत लिहून घेतलं.

परतताना जीपमध्ये म्हणाले, 'चौदा गावांत इतके नेटके आकडे कुठेच नाहीत. गाव राहील. एकोणीस तारखेला वेगळी टीप देऊ. नियमाचं मी पाहतो.' थोड्या वेळानं म्हणाले, 'बहिणीचं वाईट झालं.'

घरी येऊन जेवलो. पोटभर.

१५ मार्च

हिवरखिंडीला कार्ड टाकलं. 'गाव राहिलं. आकडे मान्य झाले. बयाबाईंना व सर्वांना सांगणे.' तिथे कोण वाचून दाखवणार ते माहीत नाही. कोणीतरी वाचेल.

९ एप्रिल

आज ऑफिसातून येताना तिला सांगायला म्हणून काहीतरी मनात घेऊन आलो. दारात आल्यावर आठवलं. काय सांगायचं होतं तेही गेलं.

१९ जून, गुरुवार

अहवाल छापून आला. तक्ता सातमध्ये हिवरखिंडी आहे. खाली टीपही आहे – 'एका दिवशीची वाढ अंत्यविधीमुळे.'

पुढे शिफारशी. 'हिवरखिंडी येथील दरडोई इंधनवापर सर्वांत कमी आढळला. अत्यल्प इंधनात लोकांचे भागते, ही काटकसर अनुकरणीय आहे. सबब येथील रॉकेलचा कोटा निम्मा करून शहरी भागास वळवावा.' आकडे सदोष म्हणून तीन गावं वगळली आहेत. त्यांना तालुक्याची सरासरी धरली. त्यांचा कोटा वाढेल.

सगळे आकडे पुन्हा तपासले. रात्र झाली तरी तपासत होतो. एक तरी चूक सापडावी म्हणून.

एकही नाही.