टूर्निकेटची वेळ

सोमवार, ३ नोव्हेंबर
आज नरसय्यांचं ऑपरेशन. टॉवेलच्या कारखान्यात हात मागात गेला, कोपराखालची दोन्ही हाडं मोडली. प्लेटा बसवल्या.

दंडाला टूर्निकेट, रक्त थांबवणारा हवेचा पट्टा, मी बांधला. आत कापसाचे दोन वेढे, एक सुरकुती नाही. दाब ऑपरेशन करणाऱ्या सरांनी सांगितला तेवढाच. मशीन जुनं, फक्त दाब दाखवतं, त्यामुळे वेळ सांगायचं काम माझं. सरांचा नियम: हाताला दीड तास. पुढे जायचं तर आधी सोडायचं, पंधरा मिनिटं रक्त खेळू द्यायचं, मग पुन्हा बांधायचं. मी "नव्वद" म्हटलं तेव्हा दोन स्क्रू राहिले होते. सर म्हणाले, "पंधरा मिनिटांत उरकतं, असू दे." एकशे पाचला सोडला. बोटं पांढऱ्याची गुलाबी झाली. ते बघायला मला दर वेळी आवडतं.

घरी आल्यापासून काही तरी विसरल्यासारखं. गॅस दोनदा बघितला.

मंगळवार, ४
नरसय्यांना मनगट उचलता येत नाही. अंगठ्यामागची जागा बधिर. भुलीचा असर कधीच उतरलाय. ते हसून म्हणाले, "माझा हात तुमी आतच ठिऊन घेतला की काय, ताई? ह्यो दुसऱ्याचाच दिलाय."

सर म्हणाले, "मार बसला तेव्हाचं असेल. आमच्या हत्याराचं असेल. टूर्निकेटचंही असेल. कागद बघू." माझा कागद: बांधला १०.३५, सोडला १२.२०. "एकशे पाच. हं." परत दिला.

दुपारी फाइल लावताना भुलीच्या डॉक्टरांचा कागद वर आला. त्यावर टूर्निकेट १०.२५.

ओ.टी.तलं घड्याळ मोठ्या सिस्टरनी दहा मिनिटं पुढे ठेवलंय, सर वेळेवर यावेत म्हणून. सगळ्यांना ठाऊक, सगळे मनात दहा वजा करतात. मी बांधताना भिंतीवर बघितलं आणि वजा केलंच नाही. नंतर सगळ्या वेळा मोबाइलवर बघितल्या.

म्हणजे एकशे पंधरा. आणि मी "नव्वद" म्हटलं तेव्हा शंभर झाले होते. सरांना शंभर कळले असते तर त्यांनी सोडला असता का? सोडला असता. बहुतेक.

बुधवार, ५
पुस्तकात दोन तासांपर्यंत चालतं असं आहे. तीनदा वाचलं. त्याच पानावर पुढे: माणसागणिक फरक पडतो. नस दाबानंही बिघडते आणि रक्त न मिळाल्यानंही. स्नायू जरा जास्त तग धरतो. आणि रक्त परत येतं तेव्हाही इजा होते, अडकून पडलेलं सगळं एकदम अंगभर जातं. म्हणून सोडण्याआधी भुलीच्या डॉक्टरांना सांगायचं. ते मी सांगितलं होतं. तेवढं बरोबर.

मोठ्या सिस्टरना सांगितलं. त्या हातमोजे मोजत होत्या.
"दहा मिनिटांनी काय हात तुटतो का?"
"सिस्टर, पण कागदावर..."
"कागदावर एकशे पाच आहे. सरांनी बघितलंय. तू नवीन आहेस, मला निवृत्तीला दीड वर्ष आहे. गप बस की."
त्या वाईट नाहीत. माझ्या पहिल्या आठवड्यात मी ट्रे पाडला, तेव्हा सरांना त्यांनी माझ्याऐवजी स्वतःचं नाव सांगितलं होतं.

गुरुवार, ६
आई टॉवेलच्या कडा शिवत बसली होती. दोरा तर्जनीला घट्ट गुंडाळलेला, बोटाचं टोक पांढरं. मी न विचारता कात्रीनं दोरा तोडला.
"आगं, याड लागलं का तुला? अख्खा डझन राह्यलाय."
मग जेवताना सगळं सांगितलं. आई अंगठा उठवते, तिला घड्याळ तास-काट्यापुरतं कळतं. ऐकून म्हणाली, "तू शिकल्याली. तुज्या हातनं कसं चुकंल? त्या घड्याळाचंच चुकलं." घरात मी पहिली शिकलेली, म्हणून माझ्या हातनं चुकणारच नाही असं तिला वाटतं. पुढे जेवले नाही.

शनिवार, ८
सरांना सांगितलं. दोन ओ.पी.डी. पेशंटच्या मध्ये, उभ्या उभ्या.
सर बराच वेळ पेनचं टोपण लावत-काढत होते. "जुनं खोडू नकोस. खाली नवी ओळ लिही. खरी वेळ, आजची तारीख, सही."
"नरसय्यांना?"
"मी सांगतो. पंधरा मिनिटं मीही ताणली होती."
लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

सोमवार, १०
ओ.टी.तलं घड्याळ बरोबर केलेलं दिसलं. कुणी केलं ते कुणी बोललं नाही. सर वीस मिनिटं उशिरा आले.
मोठ्या सिस्टर माझ्याशी कामापुरतंच बोलतात. ट्रे हातात देत नाहीत, टेबलावर ठेवतात.
नरसय्या घरी गेले. मनगटाला आधाराची पट्टी. सर म्हणाले, अशी नस बहुतेकदा आठवड्यांत जागी होते, कधी महिने लागतात. "बहुतेकदा" हा शब्द दिवसभर डोक्यात. सरांनी त्यांना सांगितलं का, विचारायचं धाडस झालं नाही.

सोमवार, १७
नरसय्या टाके काढायला आले. सर पुण्याला, उद्या येणार. मनगट अजून लोंबतंय. कारखान्यात त्यांच्या मागावर दुसरा माणूस लावलाय, म्हणाले. एका हातानं तुटलेल्या धाग्याला गाठ मारता येत नाही.

"सर कायतरी सांगणार होते. मग फोन आला आन् गेले. तुमी सांगा की, ताई."

सांगितलं. दंड बांधला होता, रक्त थांबवलं होतं, ठरल्यापेक्षा जास्त वेळ राहिलं. वेळ मी चुकीची सांगितली. हात त्यानंच गेला असं नक्की म्हणता येत नाही, नाही असंही म्हणता येत नाही.

ते खिडकीकडे बघत होते.
"किती जास्त?"
"दहा मिनिटं. आणि सरांनी पंधरा."
"दहा." ते म्हणाले. "मालकाला सांगू नका. बरा होणार न्हाई म्हनंल, माणूस कायमचा ठेवंल."

मग हात त्यांनीच टेबलावर ठेवला. "बघा. तुमी बघा कळतंय का."

डोळे मिटायला सांगितले. कापसाचा बोळा घेतला, अंगठ्यामागे नेला.
"हां," ते म्हणाले. "कळतंय की."

मी अजून टेकवला नव्हता.