परातीतलं ऑइल

मलकापूर, ५ ऑक्टोबर २०२४

चि. अंबूबाईस, थोरल्या भावाचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

पत्राला फार उशीर झाला, राग धरू नको. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि माझं अक्षर मलाच लागत नाही, म्हणून रोज उद्यावर ढकललं.

काळजी गाडीचीच. जुनं इंजिन, ऑइल गळतंय. सिद्धू मिस्त्री म्हणतो, इंजिन उघडून सील, पॅकिंग सगळं बदलू. लेक जयराज पलटणीतून फोन करतो, तो म्हणतो, आबा, भंगारात घाला. मला दोन्हीची धास्ती. उघडलं आणि जुळलंच नाही तर? भंगारात घातली तर भाऊबीजेला मिरजेला कसा येऊ? तुझी वहिनी रंगुबाई गेल्यापासून माझं तेवढं एकच जाणं उरलंय.

म्हणून मी मधला मार्ग काढलाय. गाडीखाली तिची जुनी परात ठेवतो. साचलेलं ऑइल तिच्या लुगड्याच्या फडक्यातून गाळून परत इंजिनात ओततो. जयराज दर रविवारी विचारतो, गाडीचं काय झालं. मी सांगतो, विचार चाललाय.

आता परात कोरडी राहायला लागलीय. बहुतेक आपोआप बरं झालं. भाऊबीजेला तीच गाडी काढतो. लोभ आहेच, तो कमी करू नको.

तुझा,
नाथाजी


मिरज, १३ ऑक्टोबर २०२४

ती. दादांना धाकट्या अंबूचा वाकून नमस्कार. वि. वि.

पत्र वाचून आधी लय हसले, मग घाबरले. आवं दादा, ऑइल म्हणजे ताक न्हवं, गाळून परत घ्यायला. आमच्या ह्यांनी ट्रॅक्टरवर जन्म काढला, म्हणून सांगते. निम्मं फडक्यानं प्यालं, निम्मं मातीनं. परात कोरडी, म्हणजे गळायला काही उरलं नसेल. ऑइल मोजायची पट्टी काढून बघा. तोवर किल्लीला हात लावू नका, इंजिन वाटेतच जाम होईल.

आणि एक लिहिते, रागावू नका. जयराज गाडीशिवाय दुसरं काही विचारत नाही, म्हणून तुम्ही निकाल लांबवताय. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं मीही असंच रेंगाळत ठेवलंय. माझी लेक पूजा त्याच्यासाठी तरी पुण्याहून येते.

गाडी दुरुस्तच करा. मी पाट मांडून ठेवते. अशीच माया राहू द्या.

तुमची,
अंबू


मलकापूर, २२ ऑक्टोबर २०२४

चि. अंबूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

पट्टी काढली, तर कोरडी ठक्क. सिद्धूनं गाडी दोरानं ओढत नेली, इंजिन उघडलंय. भाऊबीजेपर्यंत देतो म्हणतो, पण त्याचा काय भरवसा. अंगणात काळा डाग आहे आणि परात आहे. सकाळी उठून सवयीनं वाकून बघतो.

रविवारी जयराजला सांगितलं, गाडी दुरुस्तीला दिली, विषय मिटला. तो बरं म्हणाला. मग म्हटलं, ठेवतो, तुझी ड्यूटी असेल. तो म्हणाला, थांबा, आणि सकाळी काय खाल्लं ते विचारलं. मला चटकन आठवेना. शिळी भाकरी आणि दूध, म्हणालो. रोज हेच खाता का, म्हणून तो रागावला. बराच वेळ रागावला होता.

आता येत्या रविवारी परत विचारेल, तर सांगायला काहीतरी पाहिजे. रंगुबाई कारळ्याची चटणी करायची, ती तू तिच्याकडून शिकलीस. त्यात लसूण किती आणि कारळं आधी भाजायचं का, एवढं कळव. पत्र मिळताच लिही, रविवारच्या आत मला मिळेल असं बघ.

वाट बघणारा,
नाथाजी