काचेवरचा डाग

भिवपुरी, फाल्गुन वद्य, १९४३. संध्याकाळ.

युद्धामुळे फोटोच्या काचा मिळत नाहीत. शेवटची होती, ती काल रात्री कॅमेऱ्यात घालून दक्षिणेकडे तासभर उघडी ठेवली. अगस्तीच्या डावीकडे, केव्हातरी फुटून मेलेल्या ताऱ्याचा धूसर पट्टा असावा, असं मी पुस्तकं वाचून ठरवलेलं. आज काच धुतली. ताऱ्यांच्या रेघा, आणि खाली, टेकडीच्या माथ्यालगत, एक धूसर डाग. "हाच तो मेलेला तारा!" मी ओरडलो.

बायको मागून बघत होती. "मेल्यावर एवढं ऱ्हातं? आपल्या यमीचा तर एक फोटोबी नाय."

मी डाग पुन्हा पाहिला. तारे सरकले म्हणून रेघा उमटल्या. डाग मात्र जागच्या जागी. आकाशातला असता तर तोही ओढला गेला असता. काल रात्री सासऱ्यांनी टेकडीखाली बांधालगत राब भाजला, रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळून. त्या जाळानं उजळलेला धूर हा.

तिला सांगावं की नाही? सांगितलं. वाटलं, रडेल.

"त्याच बांधाला यमीला पुरलीय," ती म्हणाली. "ठेवा ती काच."

मग मी ठेवायच्या आधी तिनंच ती यमीच्या झबल्यात गुंडाळली.