कर-यादीतली ओड्रुन

१४ मार्च, गुरुवार
कराचं विवरणपत्र आलं! नेहमीसारखं भरलेलंच. पेन्शन, बँक, घर — माझ्याबद्दलच्या सगळ्या चुगल्या कर खात्याकडे आधीच पोचलेल्या. आपण फक्त वाचायचं. काही चुकलं असेल तर तीस एप्रिलपर्यंत सांगायचं, गप्प बसलं तर सगळं मान्य. जूनमध्ये चार हजार क्रोनर परत मिळतील असं दिसतंय. मी ते मनातल्या मनात खर्चूनही टाकले.

१७ मार्च, रविवार
अकराच्या ठोक्याला टोरफिन. होड्या दुरुस्त करतो. शरद ऋतूत माझ्या पायऱ्या नीट करून दिल्या, तेव्हापासून दर रविवारी कॉफीला. आज तिसऱ्या वॉफलनंतर म्हणाला, "मागन्हिल, एकत्र राहायचं का? इथं, तुझ्याकडे. माझ्याजवळ फार काही नाही. घाई नाही."
आणि चौथं घेतलं!
मी काय म्हणावं? "चीज देऊ का अजून?" चौसष्टाव्या वर्षी ही अक्कल!

१९ मार्च
गुडनीला सांगायलाच नको होतं. धाकटी बहीण, पण तोरा थोरलीचा. "ताई, घरावर डोळा आहे त्याचा! यादीत बघ ना, कमावतो किती ते."
आमच्या देशात कराची यादी इंटरनेटवर सगळ्यांना खुली. कुणाचीही मिळकत बघावी. मेख एवढीच, की बघणाऱ्याचं नाव, गाव, जन्मसाल त्या माणसाला दिसतं. बेटावर मला शोभा करून घ्यायची नाही.
पण डोक्यात किडा शिरलाय. माझा नवरा ओलाव गेल्यापासून सहा वर्षं एकटी आहे. टोरफिन हवासा वाटतो, आणि तो घरासाठीच येत असला तर मी पुन्हा उभी राहणार नाही. भीती वाटते. लिहून टाकलं.

२६ मार्च
गुडनीनं डोकं लढवलं — बर्गेनची मावसबहीण ओड्रुन! तिला इथं कोण ओळखतं? तिनं बघून फोन केला. "मिळकत तीन लाख नव्वद हजार. संपत्ती शून्य. शून्य गं!"
"बघ!" गुडनी म्हणाली. तिचा आनंद मला बघवेना.

७ एप्रिल, रविवार
मेले! टोरफिन कॉफी ढवळत म्हणाला, "बर्गेनच्या कुणा ओड्रुनबाईंनी मला शोधलंय. माझ्याहून सात वर्षांनी मोठ्या. पण विचार करायला हरकत नाही."
मी घाईनं वॉफल वाढलं. "मी नाही ओळखत."
"असं? जिच्या कुत्र्यानं बिशपांचा बूट पळवला, ती नव्हे ना? तीनदा सांगितलीस तू मला ती गोष्ट."
मग खिशातून कागद काढले. त्याचं विवरणपत्र, छापलेलं. "घे, सगळं वाच. आडून कशाला?"
वाचलं. काय करणार! सगळा पैसा होडीत घातलाय वेड्यानं. आणि कामावर फेरीबोटीनं जातो त्याची करातली सूट मागितलीच नाही. मी ती लिहून दिली.
"तुझी यादी कधी उघडलीस का?" त्यानं विचारलं. "तुला कोण शोधतं त्याची?"
"मला कोण शोधणार? मी निवृत्त ग्रंथपाल."
टोपी घातली आणि गेला. चौथं वॉफल ताटलीत तसंच.

१४ एप्रिल
आला नाही.

२१ एप्रिल
नाही.

२८ एप्रिल
आजही नाही. गुडनी म्हणते, "सुटलीस!" मी तिच्यावर खेकसले. दोघांची कॉफी केली होती, एकटीनं प्याले. फार वाईट वाटलं.

३० एप्रिल
शेवटचा दिवस. विवरणपत्र पुन्हा वाचलं, चूक नाही. मग ती यादी उघडली.
एकच नाव. टोरफिन. डिसेंबरात कराची यादी निघाल्यापासून दर रविवारी सकाळी दहाला — एकवीस वेळा! माझी मिळकत काय दर रविवारी बदलते? आला नाही त्या तिन्ही रविवारीसुद्धा! आकडा तर त्याला पहिल्याच दिवशी कळला होता. हा मुखदुर्बळ बाबा माझ्या नजरेस पडावं म्हणून आपलं नाव नोंदवून जात होता, आणि मी यादीच उघडली नाही.

३० एप्रिल, दहा मिनिटांनी
त्याला शोधलं. माझ्या स्वतःच्या नावानं. कळू दे अख्ख्या बेटाला!