डावीकडचं मागचं चाक

२ जानेवारी, मंगळवार

नवी वही. जुन्या वहीत जिकडेतिकडे केर्विन होता, म्हणून ती टाकून दिली.

यंदा संकल्प एकच. गेल्या वर्षी चौदा केले होते. त्यातला एकही पार पडला नाही, पण त्यात माझा काही दोष नव्हता. वर्षच सुमार होतं.

संकल्प असा: २८ तारखेला, रविवारी, सॅव्हानाच्या मैदानावर पॅनोरमा बँडस्पर्धेची सेमीफायनल आहे. आमच्या बेलमाँटचा 'ब्राइट मॉर्निंग' बँड स्टेजवर चढेल तेव्हा त्यात मी पॅन वाजवत असेन. पुढच्या रांगेत. समोर ग्रँडस्टँडमध्ये केर्विन बसलेला असेल, त्याच्या त्या नव्या, नखं रंगवणाऱ्या मुलीला घेऊन.

नाताळच्या आदल्या दिवशी मी स्टुलावर चढून नवे पडदे लावत होते. तो खाली उभा राहून म्हणाला, "शेरीस, तुझं काहीही तीन आठवड्यांपुढे टिकत नाही. साल्सा, पोर्तुगीज, डाएट, आणि मी." तो स्वतः चार महिने टिकला होता. साधी गणतीही येत नाही माणसाला.

पॅन म्हणजे काय, तेलाच्या पिंपाचं बूड ठोकून त्यावर सूर काढलेले. मी पियानोच्या पाच परीक्षा दिल्या आहेत. कॉन्व्हेंटच्या वरच्या मजल्यावर, त्या मेणाच्या पॉलिशचा वास येणाऱ्या खोलीत, सिस्टर पर्पेच्युआसमोर. त्या बाईंसमोर ज्याची बोटं थरथरली नाहीत त्याला पिंपाची काय भीती?

ऑफिसात फक्त शर्लेनला सांगितलं. दुपारी चहाला सगळा मजला मला शुभेच्छा देत होता.

४ जानेवारी, गुरुवार

पॅनयार्डात, म्हणजे बँडच्या सरावाच्या आवारात, गेले. अर्धवट पत्र्याची शेड, मक्याच्या सूपचा वास, आणि शंभरेक माणसं एकाच वेळी बडवतायत. यांना संगीत शिकवायला कोणी सिस्टर भेटली नाही, हे ऐकताक्षणी कळतं.

मुख्य चाल वाजवणाऱ्या टेनर पॅनवाल्यांचा प्रमुख हॉलिस. दिवसा बंदरावर क्रेन चालवतो आणि इथेही तसाच बोलतो, साठ फुटांवरून ओरडल्यासारखा. मी त्याच्याकडे चालीचं नोटेशन मागितलं. तो मागे वळून म्हणाला, "अरे ए, हिला कागद पाहिजे म्हणे!" अख्खी शेड हसली. मग मला म्हणाला, "बाईसाहेब, इथं कागद नाही वाचत. शेजारच्याचे हात वाचतात."

शेजारी कोण, तर माझी घरमालकीण! मिस युट्रिस, वय अडुसष्ट, बाजारात मसाल्याच्या पाल्याच्या जुड्या विकते. मला वाटलं होतं ही इथे सूप विकायला आली असेल. तर हिच्या हातात काठ्या. म्हणाली, "ये गं पोरी, माझ्याजवळ उभी राहा. हात बघ, कान उघडे ठेव, तोंड मीठ लावून बंद."

सुरांची नावंसुद्धा ठाऊक नाहीत तिला. "ही मोठी," "तिची शेजारीण," "आतली बारकी" असं चालतं. तिच्या बोटांना लसणाचा वास येतो. असल्या बाईचे हात वाचायला मी पाच परीक्षा दिल्या नव्हत्या.

आज पॅन कमी पडले, त्यामुळे नुसतं बघितलं. बघण्यासारखं काही नव्हतं.

६ जानेवारी, शनिवार

मार्ग सापडला. यार्डात तेच ते चार ठेके साठ-साठ वेळा घोटतात. बुद्धी नसली की माणसं घाम गाळतात. मी घरी शिकणार.

त्यासाठी पॅनचा नकाशा हवा. हॉलिस त्याच्या पॅनपाशी उभा होता. मी वही घेऊन त्याच्या बरोबर समोर उभी राहिले आणि त्याला एकेका सुराचं नाव विचारलं. त्याने काठीने दाखवत सांगितली. माझ्या बाजूने सी अगदी वर, मध्यभागी. मग गोल फिरत बाकीचे. एकोणतीस ठिपके, सुबक, कंपासने काढलेले. हॉलिस म्हणाला, "चित्र कशाला काढत बसलीस? इकडे ये, हात लाव की." मी पुढचा ठिपका काढला. काही लोकांना शिस्त दिसली की अस्वस्थ होतं.

येताना फ्रिजचा मोठा पुठ्ठा आणला. त्यावर नकाशा उतरवला, वहीत आहे अगदी तस्सा. दोन लाकडी चमच्यांना टोकाला रबरबँड गुंडाळले. फोनवर बँडचं रेकॉर्डिंग. जेवायच्या टेबलावर माझं स्वतःचं यार्ड, चिखलाशिवाय.

९ जानेवारी, मंगळवार

सकाळी मॅक्सी टॅक्सीत जागा नाही. ऑफिसात शर्लेन दर तासाला विचारते, पॅन कसं चाललंय? मी म्हटलं, पहिल्या रांगेत आहे. म्हणजे असणार आहे. व्याकरणातल्या बारकाव्यांशी शर्लेनला काय करायचंय.

संध्याकाळी मिस युट्रिस अळूच्या पानांचा वाडगाभर कॅलालू घेऊन वर आली. "खाली चुना पडतोय गं माझ्या जेवणात, काय ठोकतेस?" म्हणाली. मग पुठ्ठा दिसला. मान वाकडी करून बघितला. टेबलाला वळसा घालून पलीकडे गेली, तिथून बघितला. म्हणाली, "इकडून छान आहे." मी आभार मानले. ती म्हणाली, "अगं पोरी, पण तू…" मी म्हटलं, "मिस युट्रिस, माझी पद्धत वेगळी आहे." ती वाडगा ठेवून गेली.

कौतुक स्वीकारावं, सल्ला नाही.

कॅलालू बरा होता. मीठ जास्त.

१३ जानेवारी, शनिवार

प्राथमिक फेरीसाठी परीक्षक यार्डात आले. रोज येणाऱ्यांनाच वाजवायला मिळालं. आठवड्यानंतर तोंड दाखवलं म्हणून हॉलिसने मला बर्फाच्या पेटीवर बसवलं. सूडबुद्धी, दुसरं काय. बँड सेमीफायनलला गेला. बर्फ अजिबात कमी पडला नाही.

१७ जानेवारी, बुधवार

केर्विनला मेसेज केला. सहज. "२८ ला ग्रँडस्टँडमधून बघणार असशील तर टेनरच्या पहिल्या रांगेत बघ." त्याने अंगठा पाठवला. चार महिन्यांच्या सहवासाचं फळ, एक पिवळा अंगठा.

पहिली रांग अजून मिळालेली नाही, पण माझं वाजवणं ऐकल्यावर हॉलिसकडे दुसरा इलाज राहणार नाही.

२० जानेवारी, शनिवार

झालं! आठ मिनिटांची पूर्ण चाल, एकही चूक नाही. सलग तीनदा. डोळे मिटूनसुद्धा. हे गर्दीबरोबर ठोकणारे लोक तीन महिन्यांत जे शिकले ते मी दोन आठवड्यांत, डाळ शिजत असताना. सिस्टर पर्पेच्युआ असत्या तर मोजून एकदा मान हलवली असती. त्या एवढंच करत. ते एकदा हलणं मला अजून आठवतं.

मिस युट्रिस जिन्यात भेटली. म्हणाली, "एकदा माझ्या पॅनवर हात फिरवून बघ गं, मंगळवारच्या परीक्षेआधी." तिच्या काळजीचं मला हसू आलं.

२३ जानेवारी, मंगळवार

आज परीक्षा होती. स्टेजवर किती माणसं न्यायची त्याला मर्यादा असते, म्हणून प्रत्येकाने एकट्याने वाजवून दाखवायचं. सगळं यार्ड गोल करून उभं.

माझा नंबर आला. मी पॅनसमोर ताठ उभी राहिले. हॉलिसने ताल दिला. मी डोळे मिटले.

पहिल्या चार सुरांतच लक्षात आलं की पॅन बिघडलेला आहे. मी थांबले नाही. परीक्षेत थांबायचं नसतं. पूर्ण दोन मिनिटं वाजवलं. डोळे उघडले तेव्हा सूपवालीसुद्धा डाव वर धरून उभी होती.

मी म्हटलं, हा पॅन सुरात नाही.

हॉलिसने माझ्या हातातल्या काठ्या घेतल्या आणि त्याच पॅनवर तेच वाजवलं. पॅन सुरात होता.

मग त्याने एरवीपेक्षा फार हळू आवाजात विचारलं, "कुठं शिकलीस?" मी वही दाखवली. त्याने ती पाहिली आणि उलटी करून, खालचं वर करून माझ्या हातात दिली. "आता बघ."

सी खाली होता. माझ्या पोटाशी. मी समोरून काढला होता नकाशा, आणि वाजवणारा उभा असतो इकडून.

"बाई," हॉलिस म्हणाला, "तुझी एक चूक नाही. प्रत्येक सूर जिथं हवा त्याच्या बरोबर पलीकडे मारलास. अख्खी चाल घेऊन दुसऱ्याच पट्टीत राहायला गेलीस. हे मी वीस वर्षांत बघितलं नव्हतं." तो हसला नाही. ते जास्त वाईट. मग सगळे हसले, तेही काही चांगलं नव्हतं.

मिस युट्रिस हसली नाही. पुटपुटली, "मी सांगायलाच आले होते गं."

नाव यादीत नाही.

२४ जानेवारी, बुधवार

दोष हॉलिसचाच. मी कुठे उभी आहे हे त्याला दिसत होतं. शिक्षकाने बघायचं असतं.

ऑफिसात शर्लेनने फलक रंगवलाय. पिवळ्यावर जांभळा: 'शेरीस, वाजव गं बाई!' चौदा जण येणार आहेत. त्यांना खरं सांगायचं ठरवून गेले होते. पण रंग ओला होता.

पडदे काढून परत लावले.

२६ जानेवारी, शुक्रवार

आजारी पडण्याचा विचार करतेय. डेंग्यू बरा. अपेंडिक्सला टाके दाखवावे लागतात.

२७ जानेवारी, शनिवार

सकाळी मिस युट्रिस वर आली, या वेळी रिकाम्या हाताने. म्हणाली, "रॅक ढकलायला माणसं कमी आहेत." रॅक म्हणजे चाकांचे लोखंडी सांगाडे, त्यावर पॅनही उभे आणि वाजवणारेही. मी म्हटलं, मी वादक आहे. ती म्हणाली, "हो गं, पण दंड बरे आहेत तुझे. पडदे एकटीने लावतेस ना." मग दारातून मागे वळून म्हणाली, "मी अकरा वर्षं ढकलत होते, मग वर चढले."

अकरा वर्षं! एवढी मंद बाई असेल असं वाटलं नव्हतं.

विचार करून मी तांत्रिक बाजू सांभाळायचं कबूल केलं.

२८ जानेवारी, रविवार. संध्याकाळ.

दुपारी एकपासून डांबरी रस्त्यावर उभे. वर ऊन, खाली ऊन. मला डावीकडचं मागचं चाक. हॉलिस ओरडत होता, "डावीकडून! बाईसाहेब, डावीकडून!" आमच्या रॅकवर मिस युट्रिस, चंदेरी टोपी घालून, राणीसारखी. बाजारात ती अशी दिसत नाही.

स्टेजच्या चढावर रॅक अडकला. पुढचे ओढत होते, मागचे शिव्या देत होते. मी खांदा लावला. खरोखरचा खांदा, सगळं वजन, दात खाऊन. मिस युट्रिस वरून वाकून ओरडली, "ढकल गं माझे राणी! कोण बघतंय याचा विचार नको करू, ढकल!" आणि रॅक चढला.

ढकलणाऱ्यांनी खाली उतरायचं असतं. मी उतरून कठड्यापाशी बसले, घामाने डोळे चुरचुरत होते. मग सुरू झालं. माझीच चाल. तिच्या खऱ्या पट्टीत ती मी पहिल्यांदा नीट ऐकली. वर मिस युट्रिसचे हात दिसत होते, लसूणवाले. आठ मिनिटं मी दुसरीकडे पाहिलं नाही. माझी बोटं गुडघ्यावर तिच्या मागून चालत होती. दोन-तीन ठिकाणी तर बरोबर.

शर्लेनचे फोटो आले. टीव्हीवर चार सेकंद माझी पाठ आणि वर धरलेला फलक. ती लिहिते, "काय जोर आहे गं तुझ्यात!" बिचारीला पॅन आणि चाक यातला फरक कळत नाही.

केर्विनचा मेसेज: "सॉरी, तुमच्या वेळी खायला डबल्स आणायला गेलो होतो. रांग फार मोठी होती."

२९ जानेवारी, सोमवार

बँड फायनलला गेला. चढावर रॅक अडकून राहिला असता तर गेला असता का? हे कोणी बोलत नाही.

पुठ्ठा फिरवला. सी पोटाशी. पहिली ओळ वाजवायला चाळीस मिनिटं लागली, आणि तीही चुकली. आठला मिस युट्रिस वर आली. मला शिकवायची मी तिला परवानगी दिली आहे. ती माझ्या शेजारी उभी राहिली, माझ्याच बाजूने, आणि म्हणाली, "ही मोठी. ही तिची शेजारीण."

उद्या चार आठवडे होतात. हे केर्विनला कळवायला हवं. पण उद्याच सहाला यार्डात पोचायचंय, आणि ते डावीकडचं चाक करकरतं. आधी तेल घ्यायला पाहिजे.